तबकडीचा वेग आणि गवयाचा सूर

ग्रामोफोनची तबकडी ही अर्धीच वस्तु आहे. पुस्तक उघडलें कीं वाचतां येतें, चित्र भिंतीस टांगलें कीं पाहतां येतें. परंतु तबकडींत गाणें असतें असें जें आपण म्हणतों तें केवळ उपचारानें. तिच्यांत असते ती एक नागमोडी रेघ. त्या रेघेचें गाणें होण्यास तबकडी एका ठराविक वेगानें फिरावी लागते, आणि तो वेग कोणता हें जुन्या तबकड्यांवर बहुधा लिहिलेलें नसतें. मुद्रण करणाऱ्यानें एक वेग धरला आणि ऐकणाऱ्यानें दुसरा धरला, म्हणजे गवयी तोच, चीज तीच, पण गळा निराळा होतो. आपल्या घरांतून इतकीं वर्षें बालगंधर्वांचें किंवा अब्दुल करीमखांचें गाणें म्हणून जें ऐकलें गेलें, त्यांत त्या गायकांचा वांटा किती व यंत्राचा किती, हा प्रश्न म्हणूनच हौशी लोकांच्या कुतूहलापुरता राहत नाहीं. तो आपल्या संगीताच्या इतिहासाचाच प्रश्न होतो.

तो आज पुन्हां काढण्यास कारण आहे. मालवणच्या उत्तरेस तोंडवलीपासून तळाशीलकडे वाळूची एक अरुंद पट्टी गेली आहे. एका अंगास समुद्र, दुसऱ्या अंगास गड नदीची खाडी. या किनाऱ्यावरील माणसें पिढ्यान् पिढ्या मुंबईस चाकरीला गेलेलीं. आगबोटीनें मालवण बंदरांत उतरतांना ट्रंकेबरोबर चावीचा फोनो घेऊन येणारा चाकरमानी ही एके काळीं कौतुकाची गोष्ट होती, आणि विजेची वाट न पाहतां वाजणारें तें यंत्र येथें सोयीचेंहि होतें. पुढें यंत्रें गंजलीं, त्यांच्या कमानी तुटल्या. तबकड्या मात्र माळ्यावरच्या पेट्यांतून राहिल्या. आतां नातवंडांना त्या ऐकाव्याशा वाटतात. मुंबईचा चोरबाजार किंवा पुण्याचा जुना बाजार धुंडाळून एखादें वापरलेलें पण उंची प्रतीचें, विजेवर चालणारें यंत्र, ज्याला हल्लीं टर्नटेबल म्हणतात तें, घ्यावें असें मनांत येतें. आणि मग पहिला प्रश्न निघतो किंमतीचा, दुसरा कंपनीच्या नांवाचा. आमच्या मतें पहिला प्रश्न वेगाचा असावा. तो कां, हें समजण्यास थोडें मागें गेलें पाहिजे.

नोव्हेंबर १९०२ मध्यें फ्रेड गेसबर्ग या गृहस्थानें कलकत्त्यास गौहरजानचें गाणें मुद्रित केलें. तेथून आपल्या देशांतील तबकडीचा व्यापार सुरू झाला. गायिकेनें कर्ण्यांत तोंड घालून गावें, कर्ण्याच्या दुसऱ्या टोकाशीं असलेल्या पडद्यानें थरथरावें, आणि त्या थरथरीनें फिरत्या मेणाच्या चकतीवर रेघ कोरावी, इतकीच ती विद्या होती. मेणाच्या चकत्या आगबोटीनें जर्मनींत हॅनोव्हरला जात व तेथें त्यांच्यावरून तबकड्या छापल्या जात. गाणें संपल्यावर गौहरजान इंग्रजींत आपलें नांव सांगते. तें ऐकून आपल्याकडे लोकांनीं पुष्कळ करमणूक करून घेतली, पण त्यांतला हेतु व्यवहाराचा होता. हिंदुस्थानी गाणें न समजणाऱ्या हॅनोव्हरच्या कामगारांना कोणत्या तबकडीवर कोणाचें नांव चिकटवावें हें त्यामुळें कळे. नांवाची ही काळजी घेतली गेली. वेगाची घेतली गेली नाहीं. १९०८ सालीं कलकत्त्यास सियालदह येथें तबकड्या छापण्याचा कारखाना निघाला, तेव्हां प्रवास वांचला. वेगाचा घोळ होता तेथेंच राहिला.

या तबकड्यांत लाख आपल्याच देशाची. पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवर किडे जी लाख करतात, तिच्यांत दगडाची वस्त्रगाळ पूड आणि काजळी मिसळून तो लगदा तापवून दाबावयाचा. दगडाची पूड कां, तर पोलादी सुई त्या पुडीवर घासून थोड्याच फेऱ्यांत रेघेच्या आकाराची व्हावी म्हणून. सुईनें तबकडी झिजते हें सर्वांस ठाऊक आहे. येथें तबकडीनेंच सुई झिजवावी अशी योजना होती. दर बाजूस नवी सुई लावावी हा जुन्या घरांतील नियम तेथून आला. ज्या घरांत काटकसर अधिक, त्या घरच्या तबकड्या आज अधिक खरखरतात.

वेग मात्र कोणी नेमला नव्हता. मुद्रणाचें यंत्र वजनाच्या ओढीनें फिरे, आणि तें ज्याच्या हातीं असे तो आपल्या सवयीप्रमाणें तें मिनिटास सत्तर-बहात्तर फेऱ्यांपासून ऐशींच्याहि वर कोठेंहि ठेवी. ‘अठ्ठ्याहत्तरची तबकडी’ हें नांव मागाहून पडलें. ऐकणाऱ्याच्या घरीं फोनोच्या फळीवर एक लहानसा कांटा असे. तो सरकविला कीं थाळी हळू किंवा जलद फिरे. कोणी कांटा मध्यावर ठेवी, कोणी तीन मिनिटांत गाणें संपवून पुढची तबकडी लावण्याच्या घाईनें पुढें सारी. शिवाय कमान उतरूं लागली कीं वेगहि उतरे. ज्यांनीं लहानपणीं एखादें नाट्यपद शेवटीं शेवटीं रडवेलें होत गेलेलें ऐकलें आहे, त्यांना हें विस्तारानें सांगावयास नको.

आतां या फरकाचें माप पाहूं. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं १९१० सालीं हिंदु स्वरसप्तक आणि बावीस श्रुति यांवर इंग्रजींत आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या प्रयोगांत अब्दुल करीमखांसाहेबांचा गळा ही जणू मोजपट्टी होती, आणि क्लेमंट्स या सनदी अधिकाऱ्यानें तेंच काम पुढें चालविलें. श्रुतींचे वाद आपल्याकडे मिटले नाहींत, व येथें ते उकरण्याचें प्रयोजनहि नाहीं. परंतु प्रमाणश्रुति म्हणून जें सर्वांत लहान अंतर धरतात तें ८१ ला ८० असें आहे. म्हणजे कंपनसंख्येंत शेंकडा सव्वाचा फरक. आणि ७८ फेऱ्यांची तबकडी ७९ फेऱ्यांनीं फिरविली तर सूर चढतो तो शेंकडा १.२८ नें. अर्थात् मिनिटांत एक फेरी अधिक झाली कीं गवयी एका प्रमाणश्रुतीनें वर सरकतो! ज्या सूक्ष्म अंतरासाठीं विद्वानांनीं तारा ताणल्या व पेट्या बनविल्या, तें अंतर घरोघर कांट्याच्या एका धक्क्यानें इकडचें तिकडे होत होतें. साडेचार फेऱ्यांचा फरक पडला तर पेटीची एक सबंध पट्टी बदलते.

येथें एक गैरसमज होऊं देऊं नये. वेग चुकला म्हणून राग बिघडत नाहीं. सर्व स्वर एकाच प्रमाणांत वर किंवा खालीं जातात. गंधाराचें षड्जाशीं असलेलें नातें होतें तेंच राहतें. बदलतात त्या तीन गोष्टी: गवयाची पट्टी, गाण्याची लय आणि कंठाचा रंग. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची व सर्वांत कमी लक्षांत घेतली गेलेली. माणूस खरोखर वरच्या पट्टींत गातो तेव्हां त्याच्या तोंडाची व घशाची पोकळी होती तेवढीच राहते; म्हणून त्याचा ‘आ’ आपल्याला त्याचाच वाटतो. तबकडी जलद फिरविली असतां ती पोकळीहि जणू लहान होते. प्रौढ पुरुषाचा आवाज पोरसवदा होतो, पुरुषानें गाइलेली स्त्रीभूमिका आहे त्याहून बायकी होते. बालगंधर्वांच्या आवाजाविषयीं केवळ तबकड्या ऐकून जीं विधानें करण्यांत येतात, त्यांतलें प्रत्येक विधान कोणत्या वेगावर केलें आहे असें विचारण्याचा मोह आम्हांस होतो. अब्दुल करीमखांच्या तबकड्यांचे दोन गट आहेत. पहिला १९०५ च्या सुमाराचा, कर्ण्यांत गाइलेला. दुसरा त्यांच्या आयुष्याच्या अखेरच्या वर्षांतला, मायक्रोफोनपुढें गाइलेला. तीस वर्षांत त्यांचा गळा कसा बदलला हें सांगूं पाहणाऱ्यानें दोन्ही गट डोळे मिटून ७८ वर फिरविले, तर तो गळ्याचा इतिहास सांगत नसून यंत्राचा सांगत आहे असेंच होईल.

मग खरा वेग शोधावा कसा? साथीला पेटी असेल तर एक धागा हातीं लागतो. पेटीला कोणती तरी पट्टी असलीच पाहिजे. म्हणून आपल्या पेटीशीं सूर जुळवूं गेल्यास वाटेल तो वेग चालत नाहीं, ७४, ७८, ८३ असे थोडेच वेग संभवतात. त्यांतला योग्य कोणता हें गळ्यावरून ओळखावें: शब्द उच्चारतांना माणूस माणसासारखा वाटतो कीं नाहीं, तान घेतांना दम कोठें लागतो, खांकरणें-हुंकारणें स्वाभाविक आहे कीं नाहीं. त्या काळच्या सर्वच पेट्या एका मापाच्या नव्हत्या, त्यामुळें श्रुतिभर इकडेतिकडे व्हावयाचेंच. सारंगीच्या साथीची तबकडी असेल तर हा धागाहि नाहीं. तेथें कान हाच पंच.

१९२५ सालीं विजेचें मुद्रण आलें आणि त्या मागोमाग वेगालाहि शिस्त आली. पन्नास आवर्तनांच्या विजेवर, म्हणजे आपल्याकडे व इंग्लंडांत, दांतेरी चाकांचा हिशेब करून ७७.९२ हा वेग बसतो. अमेरिकेंत साठ आवर्तनांवर ७८.२६. कागदी चकतीवर काळ्या रेघा काढून ती दिव्याखालीं फिरवावयाची. रेघा स्थिर दिसल्या कीं वेग बरोबर. पन्नास आवर्तनांसाठीं ७७ रेघांची चकती लागते, अमेरिकन चकती ९२ रेघांची असते. ती येथें निरुपयोगी. हल्लींचे एलईडी दिवे पुष्कळदां लुकलुकतच नाहींत, म्हणून ही साधी परीक्षा निऑनच्या दिव्याखालीं करावी. १९३० नंतरच्या बहुतेक तबकड्यांस हा वेग चालतो. आपल्याकडे लाखेच्या तबकड्या १९७० च्या सुमारापर्यंत निघत होत्या, म्हणजे माळ्यावरच्या पेटींतला मोठा भाग या सुस्थिर काळांतला असण्याचा संभव आहे. त्या आधींच्यांसाठींच सारी खटपट.

आतां यंत्राकडे वळूं. १९४८ सालीं अमेरिकेंत मिनिटास ३३⅓ फेऱ्यांची लांब तबकडी निघाली आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत उंची यंत्रें बनविणारांनीं ७८ ला हळूहळू निरोप दिला. येथें वापरलेलें यंत्र घेणाऱ्याची फसगत होते. स्कॉटलंडचें लिन एलपी-१२ हें १९७० नंतरच्या दशकांतलें नांवाजलेलें यंत्र. पट्ट्यावर चालणारें, अतिशय शांत. पण तें मूळचें फक्त ३३⅓ चें. टेक्निक्सचें एसएल-१२०० एमके-२ (१९७९) वेग शेंकडा आठनें खालींवर करूं देतें, पण त्यावर ७८ नाहीं. त्याच घराण्याच्या २०१६ च्या नव्या अवतारांत ७८ आहे. उलट स्विंडनच्या गॅरार्ड कंपनीचें ३०१ (१९५४) आणि स्वित्झर्लंडचें थॉरेन्स टीडी-१२४ (१९५७) हीं ज्या काळांत घडलीं त्या काळीं घरोघर लाखेच्याच तबकड्या होत्या. दोहोंवर ७८ आहे, दोहोंवर वेग शेंकडा दोन-तीननें कमीजास्त करण्याची सोय आहे, व थॉरेन्समध्यें तर वेग पाहण्याच्या रेघाहि आंतच बसविलेल्या आहेत. ज्याच्या घरीं नाट्यगीतांच्या लाखेच्या तबकड्या आहेत त्यानें अधिक नवें व अधिक शांत यंत्र सोडून हें सत्तर वर्षांचें जडशीळ यंत्र घ्यावें असें आम्ही म्हणतों तें जुन्याच्या मोहानें नव्हे. त्यांची किंमत अलीकडे फार चढली आहे हें खरें. पण वेग बदलतां येणारें ७८ चें साधें यंत्रहि वेग न बदलणाऱ्या महागड्या यंत्राहून या कामीं सरस. सत्तरपासून पुढें वेग जाईल असें यंत्र मिळालें तर उत्तमच, कारण सर्वांत जुन्या तबकड्यांना शेंकडा तीनची मोकळीक पुरत नाहीं.

एक धोका विशेष सांगण्यासारखा आहे. अमेरिकेंतून आलेलें, साठ आवर्तनांच्या विजेसाठीं केलेलें जुनें यंत्र येथील पन्नासांवर लावलें तर वेग सहाव्या हिश्श्यानें घटतो. ७८ चे ६५ होतात आणि गवयी पेटीच्या तीन पट्ट्या खालीं बसतो. विद्युद्दाब बदलणारा ट्रान्सफॉर्मर लावून हा दोष जात नाहीं. मोटारीच्या आंसावरची कप्पी बदलावी लागते. विकणारा ‘वाजतें आहे’ म्हणून दाखवील, आणि तें वाजतहि असेल. खरेदीस जातांना म्हणून पाठ असलेली एखादी तबकडी बरोबर न्यावी, आणि सनई किंवा पेटीचा लांब टिकलेला सूर तींत असावा. कारण वेग योग्य असणें वेगळें व स्थिर असणें वेगळें. अस्थिर वेगानें स्वरांमधील नातेंहि ढळतें, आणि तें लांब सुरांत चटकन् ऐकूं येतें.

हा दोष प्रत्येक वेळीं यंत्राचाच असतो असें नाहीं. तबकडीचें भोंक मध्यापासून एक मिलिमीटर ढळलेलें असेल, तर मध्यापासून आठ सेंटिमीटरांवर सूर दर फेरीस एक प्रमाणश्रुति वर व एक खालीं झोके घेतो. पुन्हां तोच ऐशींचा हिशेब! उत्तम यंत्र येथें हतबल आहे. भोंक गोल कानशीनें किंचित् मोठें करून तबकडी नजरेनें मध्यावर बसविणें हाच उपाय, आणि तें काम संयमाचें आहे.

यंत्र घेतल्यावर सुधारणा कोणत्या क्रमानें करावी याविषयीं बरेच मतभेद आहेत. आमचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे जाणारा आहे. जुन्या गॅरार्डमध्यें मोटारीचा फेर थाळीच्या कडेला देणारें एक रबरी चाक असतें. यंत्र वर्षानुवर्षें चालू स्थितींत अडकून पडलें तर त्या चाकावर खांच पडते व दर फेरीस धक्का बसतो. तें चाक आणि थाळीच्या आंसाचें वंगण यांकडे प्रथम पाहावें. ३०१ च्या कांहीं यंत्रांत आंसाला ग्रीस असतें, कांहींत तेल. एकाचें दुसऱ्यास घालूं नये. मग बैठक. कोंकणांतील माळ्याची लांकडी तक्तपोशी पावलागणिक हालते. त्यापेक्षां जांभ्याच्या भिंतींत घट्ट बसविलेली फळी कोणत्याहि विकतच्या टेबलाहून बरी. कोनाडा मात्र टाळावा. तेथें ओल साचते. खाऱ्या वाऱ्यानें उघडें पोलाद व तारांचे जोड गंजतात, म्हणून तोंडवलीसारख्या ठिकाणीं यंत्रावर आच्छादन हवेंच, आणि पावसाळ्यांत तें आठवड्यांतून एकदां तरी फिरवावें. संध्याकाळीं विजेचा दाब उतरला म्हणजे जुनी मोटार किंचित् मंदावते. गॅरार्डवरील वेगाची कळ अशा वेळीं उपयोगी पडते.

सुईचा प्रश्न याहून नाजुक. लाखेच्या तबकडीची रेघ रुंद, लांब तबकडीची अरुंद. लांब तबकडीच्या सुईचें टोंक सुमारें ०.०१८ मिलिमीटर त्रिज्येचें असतें. लाखेच्या तबकडीस सुमारें ०.०७ लागतें. बारीक सुई रुंद रेघेच्या तळाशीं जाऊन धुळींत लोळते, आणि ऐकणारा म्हणतो, तबकडी खराब झाली. भार तीन ते पांच ग्रॅम पुरतो. चावीच्या फोनोचा ध्वनिपेटा शंभर ग्रॅमहून अधिक भारानें दाबीत असे हें लक्षांत घेतां ही तबकडीची केवढी सुटका आहे! लाखेच्या तबकडींत आवाज आडव्या हेलकाव्यांत असतो, उभ्या हालचालींत केवळ खरखर. तेव्हां कार्ट्रिजच्या दोन्ही वाटा जोडून एक केल्या कीं ती खरखर पुष्कळशी विरते. ही सुधारणा दोन तारांच्या किंमतींत होते, म्हणूनच बहुधा तिची कोणी जाहिरात करीत नाहीं. आणि तबकडी स्पिरिटनें कधींहि पुसूं नये. लाख स्पिरिटांत विरघळते.

इतकी यातायात कशाला, जुनीं गाणीं संगणकावर ऐकूं येतात कीं, असें कोणी म्हणेल. येतात; परंतु लांब तबकडीवर असो कीं संगणकावर, पुनर्मुद्रण करणाऱ्यानें जो वेग धरला तो त्यांत कायमचा उतरलेला असतो, आणि त्यानें तो कां धरला हें बहुधा कोठें लिहिलेलें नसतें. मूळ तबकडी आणि वेग बदलणारें यंत्र ज्याच्यापाशीं आहे, तो निदान दुसऱ्याचा निर्णय तपासून पाहूं शकतो.

वेग लिहून ठेवण्याचें एक उदाहरण मात्र आहे, आणि तें आपल्या शेजारचें आहे. गोव्यांतील केरी गांवच्या केसरबाई केरकर यांची भैरवींतील एक चीज १९७७ सालीं व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर अंतराळांत गेली. यान निघाल्यावर थोड्याच दिवसांत, त्याच सप्टेंबरांत, केसरबाई वारल्या. त्या तबकडीबरोबर कार्ट्रिज आणि सुई दिलेली आहे, आणि वेष्टनावर आकृति कोरून सांगितलें आहे कीं एक फेरी ३.६ सेकंदांत व्हावी, म्हणजे मिनिटास १६⅔. सेकंद हें माप परक्यांस ठाऊक नसणार, म्हणून हायड्रोजनच्या अणूंत होणाऱ्या एका बदलाच्या काळावरून तें दिलें आहे. ऐकणारा कोण, त्याला कान आहेत कीं नाहींत, याचा पत्ता नसतांना एवढी तजवीज झाली. आमच्या पेट्यांतील तबकड्यांचीं वेष्टनें कोरींच आहेत.

तबकडीचा वेग एकदां पेटीशीं व कानाशीं जुळला कीं तो त्या वेष्टनावर लिहावा: फेऱ्या, पेटीची पट्टी, तारीख. पुढें कोणास निराळें वाटलें तर त्यानें खालीं आपला आंकडा लिहावा, पहिला खोडूं नये. लिहावयाचें तें पेन्सिलीनें. शाई आमच्या पावसाळ्यांत पसरते, आणि श्रावण उजाडेपर्यंत ७६ चा ७८ झालेला असतो.